बहिणीच्या घरचं पाणी

कामठा
२ मार्च २०२४

ती. दादा,
ओमीचा नमस्कार.

मुन्ना दूधवाल्याच्या हाती हे पत्र धाडून राहिली. फोन करत जाऊ नको. भूपेंद्र फोन माझ्या कानाले लावून देते आन मी नुसती हो हो म्हणते. मागच्या खेपेले तू तब्येत विचारली आन मी म्हणे सांगितलं, "हो, दोन शेर." सूनबाई आतापर्यंत हसते. कान गेले ते गेले, डोळे शाबूत आहेत. अंगणवाडीचे रजिस्टर तीस वर्षं लिहिले मी, एक पत्र काही जड नाही. तूही लिही. मुन्ना रोज सकाळी तुझ्या गल्लीत दूध घालाले येते, त्याच्या हाती दे.

आता कामाचं. मुन्ना सांगत होता का तुझ्या लाखेच्या कारखान्याची जागा खोदून राहिले. म्हणे तिथं बगीचा होणार, भाजीबाजार होणार, कारंजाचा फोटो लावला आहे फाटकावर. वीस वर्षं नुसती रुई आन साप होते तिथं, चांगलं झालं. पण माती म्हणे ट्रक भरभरून नागपूरकडे पाठवून राहिले. अगा बाप्पा! तशी माती कोणी फेकते का?

आठवते का तुले? माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या चैतापासून तू बैलांचं खासर भरून गाळ पाठवायचा. लाख धुतलेल्या पाण्याचा काळा गाळ. पयल्या साली सासरे म्हणाले, "सुनेच्या भावानं चिखल पाठवला का?" आन दिवाळीच्या तोंडावर धान कमरेएवढं उभं झालं तेव्हा तेच साऱ्या गावाले वावरातल्या बांधीवर नेऊन दाखवत होते. वीस वर्षं तुझा चैत चुकला नाही. बायका आपापल्या भावानं पाठवलेलं लुगडं दाखवायच्या. मी म्हणायची, माझ्या भावानं वावर पाठवलं.

तं माझं म्हणणं असं, एक ट्रॉली तरी आपल्याले मिळाली पाहिजे. विहिरीजवळची बांधी थकली आता. तू तिथल्या साहेबाजवळ शब्द टाक. भूपेंद्र ट्रॅक्टर घेऊन येईल.

आन तू कधी येशील? येशील तेव्हा आपली पाण्याची बाटली घेऊनच येशील म्हणा. बाबा नव्हते म्हणून कन्यादान तुझ्या हातून झालं, आन तेव्हापासून लेकीच्या घरचं पाणी नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांचे भाऊ आता बहिणीकडे कोंबडी खाऊन ढेकर देऊन जातात. तू तेवढा जुन्या वळणाचा. वरून जाताना भाच्याच्या पाया पडतेस. भूपेंद्र लाजून पाय मागं घेते. अडतीस वर्षांचा बाप्या झाला तो, टाचा त्याच्या बाबासारख्याच दगड झाल्या, तरी तू वाकतेस.

उत्तर लवकर दे. धानाच्या रोवणीच्या आधी माती पडली पाहिजे.

तुझी
ओमेश्वरी


गोंदिया
९ मार्च २०२४

चि. ओमी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघा दुखून राहिला म्हणून उत्तराले उशीर झाला.

मुन्नानं सांगितलं ते खरं आहे. नगरपरिषदेनं ठेका दिला आहे आन रेणू मॅडम म्हणून एक इंजिनियर आली आहे, आपल्या नातीच्या वयाची. तिनं जुने कामगार शोधले. एवढा मोठा कारखाना होता, पण रंगखात्यातला जिवंत माणूस मी एकटाच निघालो. रोज सकाळी माझ्यासाठी ऑटो पाठवते. पिवळी टोपी देते, खुर्ची देते, चहा देते. "दादाजी, भट्टी किधर थी? दादाजी, टंकी किधर थी?" मी काठीनं दाखवतो आन तिचे लोक चुन्यानं खूण करतात. एकतीस वर्षं नोकरी केली तं शेठनं कधी बैस म्हटलं नाही. कारखाना पडला तेव्हा डोमनलालले खुर्ची मिळाली.

मातीचं मात्र मनातून काढून टाक. सरकारी माती आहे, घमेलंभरही बाहेर देत नाहीत. भूपेंद्रले बिलकुल पाठवू नको. उगाच शोभा होईल.

एक विचारायचं होतं. तुमच्या घरी प्यायचं पाणी कुठलं? अजून त्या बांधीजवळच्या विहिरीचंच आहे का? नळ आले असतील ना आता. जुनी विहीर आहे, उन्हाळ्यात पाणी तळाले जाते, खराब होते. शेजारच्या अनुसयाबाईच्या दारात हातपंप आहे, तिथून आणत जा. सहज लिहिलं.

आन कोणी विचारलंच तं गाळाच्या जुन्या गोष्टी काढू नको. मॅडम म्हणत होती, गाळाचे टाके रिकामे कसे? इतक्या वर्षांचा गाळ गेला कुठे? मी सांगितलं, पावसात वाहून गेला. हे शिकलेले लोक एकेक शब्द लिहून घेतात, मंग निस्तरता नाकी नऊ येतात. तुले कोणी विचारलं तं तूही तेच सांग.

भूपेंद्रले आशीर्वाद.

डोमनलाल


कामठा
१९ मार्च २०२४

दादा,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं.

पयले पाण्याचं. नळाची टाकी उभी होऊन दोन वर्षं झाले, त्यात कबुतरं राहतात. आमी विहिरीचंच पितो. माझ्या लग्नापासून पितो. तिच्या पाण्यात डाळ शिजते तशी कोणाच्याच घरी शिजत नाही. ज्यानं थेंब चाखला नाही, त्यानं तिले खराब कायले म्हणावं?

आता दुसरं. मी नाही म्हटलं तरी भूपेंद्र ट्रॅक्टर घेऊन गेला होता. मामा तिथं खुर्चीवर बसते म्हणून ऐकलं, आपला माणूस आहे म्हणून गेला. परत आला तं ट्रॉली रिकामी. मंग पाटीवर लिहून दाखवलं मले. फाटकावरच्या माणसानं ट्रॅक्टरच्या चाकाले काठी मारली, "किधर घुस रहा है?" म्हणाला. हा म्हणाला, ते खुर्चीवर बसले आहेत ते माझे मामा आहेत. हात वर केला. तू पाहिलं. पाहून तोंड दुसरीकडे केलं.

दादा, भाच्याच्या पायाले हात लावणारा तू. चार लोकांत त्याले ओळख दाखवाले लाज वाटली का? का पिवळी टोपी डोक्यात गेली? पोट्टा काही भीक मागाले नव्हता आला.

तो आणखी एक सांगून राहिला. माती खोदणाऱ्या लोकांनी पायापासून डोक्यापर्यंत पांढरे डगले घातले होते. तोंडाले मुखवटे. माती फेकाले मुखवटा कायले लागते? बगीचा करून राहिले ना?

आन खोटं मी बोलणार नाही. पावसात वाहून गेला म्हणते! मी तं गावभर सांगितलं आहे, माझ्या भावाचा गाळ म्हणून. अनुसयाबाईले वांग्यांसाठी मीच टोपल्या भरून दिल्या. आणखी कुठे कुठे दिला ते तुले माहीतही नाही. आता बासष्टाव्या वर्षी कोणत्या तोंडानं शब्द फिरवू?

तू काहीतरी लपवून राहिला. तुझी जुनी खोड आहे, लपवायचं असलं का तू गुडघा दुखते म्हणतेस. सरळ लिही.

ओमेश्वरी


गोंदिया
२४ मार्च २०२४

ओमी,

उद्या होळीचा रंग आहे, गल्लीत पोरं आतापासून ओरडून राहिले, आन मी दार लावून हे लिहून राहिलो.

मी तोंड फिरवलं. खरं आहे. भूपेंद्रची लाज वाटली म्हणून नाही. तो ट्रॉली घेऊन आला होता आन मॅडम माझ्या बाजूले उभी होती. तिनं विचारलं असतं, ये कौन है, क्या लेने आया है, तं माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. म्हणून मी भाच्याले अनोळखी केला.

तो गेला तेव्हा त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज रेल्वे फाटकापर्यंत येत होता. तो आवाज थांबला आन माले खुर्चीत बसवेना. मी मॅडमले सांगितलं, गाळ वाहून गेला नाही. मीच पाठवला, कामठ्याले, वीस वर्षं. ती ओरडली असती तं बरं झालं असतं. तिनं पेन खाली ठेवला आन एवढंच विचारलं, "दादाजी, वहाँ पानी कौन पी रहा है?" मी म्हटलं, माझी बहीण.

आता ऐक. आपल्या कारखान्याची लाख परदेशात जायची. ती पिवळीधमक दिसली पाहिजे म्हणून वितळवताना तिच्यात हरताळ घालत. पिवळा दगड असते तो, कुटून चाळून घालायचा. ते काम माझं. हरताळात सोमल असते, आर्सेनिक म्हणतात त्याले. भांडी, फडकी, फरशी धुतली का ते सारं टाक्यात जाऊन बसे, लाखेच्या त्याच गाळात. लाखेच्या किड्यांचा गाळ म्हणून खत चांगलं होतं हे खोटं नाही. पण त्यात हेही होतं. आन विहिरीच्या काठाले ढीग घालून ठेवा, पावसाआधी पसरवा, हेही मीच जावईबापूले सांगितलं होतं.

आजपासून त्या विहिरीचं पाणी पिऊ नको. स्वयंपाकालेही नको. उकळून जात नाही, गाळून जात नाही. मंगळवारी मॅडम बाटल्या घेऊन येईल, तिले पाणी काढून दे, माती दे, सारं खरं सांग.

आमाले तेव्हा काही मालूम नव्हतं, ओमी. कोणालेच नव्हतं. शप्पथ घेऊन सांगतो.

डोमनलाल


कामठा
३० एप्रिल २०२४

दादा,

महिना होऊन गेला, तू दोन चिठ्ठ्या पाठवल्या, मी उत्तर दिलं नाही. मुन्नाले म्हटलं, सांग का बाई झोपली आहे.

तुझी मॅडम आली होती. चांगली पोरगी आहे. मले ऐकू येत नाही हे कळल्यावर सारं कागदावर लिहून विचारत होती. बाटल्या नेल्या, तीन बांध्यांची माती नेली. मंग रिपोर्ट आला. विहिरीवर लाल रंगानं फुली मारली. पिण्यास अयोग्य. माझ्या लग्नात त्याच विहिरीची पूजा करून घरात घेतलं होतं मले. आता रोज टँकर येते आन आमच्या दारापुढे सारी गल्ली रांग लावते.

मंग डॉक्टर लोक आले. शाळेत साऱ्यांचे हात-पाय पाहिले. भूपेंद्रचे तळवे पाहिले आन त्याले बाजूले बसवला. मी आतापर्यंत समजत होती का नांगराचे, कुदळीचे घट्टे आहेत. त्याच्या बाबालेही असंच होतं, आधी तळवे, मंग छातीवर ते काळे-पांढरे ठिपके, मंग तो फोड जो भरलाच नाही. नऊ वर्षं झाले त्यांना जाऊन. डॉक्टरीणबाईनं विचारलं, तेही हेच पाणी पीत होते का? मी मान हलवली. भूपेंद्रचं लवकर सापडलं म्हणतात. औषध सुरू आहे, नागपूरले चकरा सुरू आहेत.

आता माझं सांगते. तुले माहीत नाही म्हटलं होतं ना, गाळ कुठे कुठे दिला. अंगणवाडीच्या मागं परसबाग केली होती मी. दहा टोपल्या तुझा गाळ टाकला. पालक असा आला होता का तालुक्याच्या बाई पाहाले आल्या, मले सन्मानपत्र दिलं. तो पालक मी पोरांना खिचडीत घालून खाऊ घातला. आपल्या हातानं. ते पोरं आता बाप झाले, मले अजून बाई म्हणतात. ग्रामसभेत मी उभी झाली आन हे सांगितलं. कोणी मले विचारलं नव्हतं. सांगितल्यावर लोक काय काय बोलले ते मले ऐकू आलं नाही, तेवढं देवानं बरं केलं. तोंडं मात्र दिसत होती. केशोराव सरपंचानं मले खाली बसवलं.

अनुसयाबाई दुसऱ्या दिवशी घरी आली. रिकामी टोपली माझ्या दारात ठेवली, जी मी कधीतरी भरून दिली होती. तिनं ओठ नीट हलवून, मले समजलं पाहिजे असं सावकाश म्हटलं, "तुझ्या भावाले मालूम होतं. म्हणून तं तो तुझ्या घरचं पाणी पीत नव्हता."

मी तिच्या अंगावर धावली. म्हटलं, आमच्यात रीत आहे. कन्यादान केलं त्यानं, लेकीच्या घरचं पाणी पीत नाही आमची माणसं. ती गेली. पण आता साऱ्या गावाच्या तोंडी तेच आहे. भूपेंद्रनंही परवा पाटीवर लिहिलं, "मामाची बाटली." लगेच पुसून टाकलं.

आन मले आठवलं. सुरुवातीच्या सालांत तू पाणी पीत नव्हतास, पण माझ्याकडचा उसाचा रस पिऊन जायचास, कलिंगड खायचास. म्हणायचास, पाणी नाही ना हे. नंतर तेही बंद झालं. वांगं देऊन पाठवलं तं म्हणायचास, लेकीच्या घरचं नेत नाही. केव्हापासून, ते आठवत नाही. तुले आठवत असेल.

तू शप्पथ घेतली आहे. मी तुझ्या शपथेवर अनुसयाबाईशी भांडली. आता मले एकच सांग. तू पाणी पीत नव्हतास ते रीत म्हणून का माहीत होतं म्हणून?

गुडघ्याचं लिहू नको.

ओमेश्वरी


गोंदिया
१० मे २०२४, अक्षय तृतीया

ओमी,

आज पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरल्या. आई-बाबाची भरली. जावईबापूंची भराले बसलो तं हात थांबला. मी त्यांना पाणी देणारा कोण? घागर तशीच उपडी ठेवली आन हा कागद घेतला.

माझी शप्पथ खोटी होती.

पयली बारा-तेरा वर्षं रीत होती. त्यात काही मिलावट नाही. तू म्हणतेस तसं, रस प्यायचो, कलिंगड खायचो.

मंग शहाण्णव साल आलं. त्या उन्हाळ्यात शेठच्या म्हशी टाक्याजवळ सुटल्या आन गाळाचं पाणी प्यायल्या. संध्याकाळपर्यंत पाच म्हशी पाय झाडून मेल्या. शेठनं आमाले रंगखात्यात बोलावलं. म्हणाला, "बात बाहर नहीं जानी चाहिए." आन म्हणाला, टाके लवकर खाली करा. त्या साली तुले एक नाही, तीन खासरं आली होती. तू पत्रात लिहिलं होतं, दादाची माया वाढली. ते पत्र माझ्याजवळ आहे.

मी मनाले सांगितलं, म्हशी पाणी पिऊन मेल्या, गाळ तं वावरात जाते, वावर थोडंच पाणी पिते. हे मी खरं मानलं असं नाही. मानायचं ठरवलं. पुढच्या चैतात मी पाठवणार नव्हतो. पण तुझा निरोप आला का दादा विसरला काय, साऱ्या बायका विचारून राहिल्या. मी काय सांगितलं असतं? का आतापर्यंत पाठवलं ते जहर होतं? नोकरी गेली असती हेही खरं, पण खरं कारण ते नाही. तू साऱ्या गावात मान वर करून माझं नाव घेत होतीस. ते नाव माले सोडवलं नाही. मी पाठवत राहिलो. कारखाना बंद पडेपर्यंत पाठवलं.

त्याच साली मी आलो होतो तुझ्याकडे. भर उन्हात सायकलनं आलो, जीभ टाळूले चिकटली होती. भूपेंद्र दहा वर्षांचा होता. तो धावत तांब्या भरून घेऊन आला, मामा पाणी. मी म्हटलं, बेटा, आपल्यात रीत नाही. त्या दिवशी माले पयल्यांदा वाटलं, बरं झालं रीत आहे. मी रीतीच्या मागं लपलो, ओमी, आन तो पोट्टा माझ्यासमोर उभा राहून तोच तांब्या गटागटा पिऊन गेला. मी पाहत राहिलो.

मंग दरवर्षी त्याच्या पायाले हात लावायचो. पंधरा-सोळा वर्षांपासून त्याच्या टाचा बदलून राहिल्या हे मी बोटांनी जाणत होतो. तुमी कोणी वाकून पाहत नव्हते. मी वाकत होतो. जावईबापू गेले तेव्हा मी त्यांच्या तळपायाले माथा लावला होता. माले तेव्हाच कळलं होतं.

अनुसयाबाई खरं बोलली. तिची माफी माग. माझ्या नावानं नको, माझं नाव कोणाच्या दारात घेऊन जाऊ नको.

जूनच्या पयल्या आठवड्यात तुझ्या बांधीची वरची माती काढून नेणार आहेत, कारखान्याच्या मातीबरोबर. मॅडमनं बऱ्याच लढाईनं ते मंजूर करून घेतलं. मी येईन. लेकीच्या घरून काही परत आणत नाहीत आपली माणसं. मी माझी माती परत न्याले येईन. तू दार लावून घेतलंस तरी मी बांधीवर उभा राहीन.

तुझा म्हणवून घेण्याची हिंमत नाही.

डोमनलाल


कामठा
६ जून २०२४

दादा,

तू आलास. सकाळच्या पयल्या गाडीनं, काठी टेकत. मॅडम सावलीत बैस म्हणाली तं ऐकलं नाहीस. पांढरा डगला चढवून दुपारपर्यंत पोत्यांची तोंडं धरून उभा होतास. जेसीबी माती काढे, ते लोक पोती भरत, तू तोंड धरायचा. सारं गाव वावराच्या धुऱ्यावर बसून पाहत होतं. कोणी तुझ्याशी बोललं नाही. मीही बोलली नाही. भूपेंद्र घरात होता, खिडकीतून पाहत होता.

तुझं पत्र मी त्याले वाचाले दिलं होतं. त्यानं तांब्याचा भाग वाचला आन पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. त्याले तो दिवस आठवत नाही म्हणते. मले वाटते आठवत असंन.

अनुसयाबाईकडे मी गेली होती. तिनं चहा दिला. बोलली नाही, पण चहा दिला.

आता ज्यासाठी लिहून राहिली ते सांगते. दुपारी मी टँकरच्या पाण्याची कळशी आन तांब्या घेऊन बांधीवर आली. ऊन कसं होतं तुले माहीत आहे. रांगेनं साऱ्यांना पाणी दिलं. ड्रायव्हरले दिलं, पोती शिवणाऱ्यांना दिलं, मॅडमले दिलं. मंग तू होतास. मी तुझ्यासमोरून पुढे निघून गेली आन तुझ्या पलीकडच्या माणसाले तांब्या दिला.

संध्याकाळी भूपेंद्रनं पाटीवर लिहिलं, "मामानं हात पुढे केला होता."

मी पाहिलं होतं तो हात. हातमोजा काढला होता तू. पण पाय पुढे गेले माझे. चाळीस वर्षं पंगतीत पाणी वाढताना दादाले सोडून पुढे जायचं, ही सवय आहे. तुले वाटलं असंन का मी शिक्षा केली. तू मान खाली घालून पुन्हा पोतं धरलं, ते पाहून गावालेही तेच वाटलं, आन दोघी-तिघी खुश झाल्या. मी दिवसभर मनाले सांगून राहिली, सवय होती, नुसती सवय. पण तुझं पत्र वाचल्यापासून मले असल्या बोलण्याचा भरवसा राहिला नाही. सवय होती का राग होता, मलेच सांगता येत नाही. तू जसा रीतीच्या मागं लपलास, तशीच मी सवयीच्या मागं लपून राहिली असीन.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. भूपेंद्रच्या बाबाच्या फोटोखाली बसून लिहून राहिली, ते शब्द इथं येत नाहीत. अंगणवाडीच्या पोरांचं मीही अजून स्वतःले माफ केलं नाही. परसबागेची माती काल नेली. खड्डा राहिला तेवढा.

विहिरीजवळची बांधी बाकी आहे. ढीग पडायचा तीच. मॅडम म्हणते सोमवारी खोदतील, पाऊस येण्याआधी आटपायचं आहे. तुले यावं लागेल. कुठपर्यंत ढीग होता ते तुझ्याशिवाय कोणी दाखवू शकत नाही.

बाटली आणू नको. तांब्या घासून ठेवला आहे, भूपेंद्रनं तुले दिला होता तोच. पाणी टँकरचं आहे. पण मी आपणहून देणार नाही. तुले मागावं लागेल, साऱ्या गावासमोर, तोंडानं. मले ऐकू येत नाही, तं जोरानं माग.

ओमी